जॉर्ज कूल्थार्ड : सिडनीच्या दंगलीतला अंपायर मुळात कोण होता?

तिसरा_पंच (धागाकर्ता)

जुन्या क्रिकेटवरच्या लिखाणात जॉर्ज कूल्थार्ड एका वाक्यात उरकला जातो. ८ फेब्रुवारी १८७९, सिडनी. याने न्यू साउथ वेल्सच्या बिली मर्डॉकला धावबाद दिलं आणि लोक मैदानात घुसले. पुढचा परिच्छेद थेट इंग्लिश कर्णधार लॉर्ड हॅरिसचा. हा अंपायर कुठून आला, बावीस वर्षांच्या पोरावर इंग्लिश कर्णधाराने ही जबाबदारी का टाकली, याबद्दल चकार शब्द नसतो.

मेलबर्नमध्ये मात्र त्या वर्षी हे नाव वेगळ्याच कारणाने लोकांच्या तोंडी होतं. कूल्थार्ड हा कार्लटन क्लबचा फुटबॉलपटू. फुटबॉल म्हणजे आपला मोहन बागानवाला नव्हे, तिथला व्हिक्टोरियन फुटबॉल. त्यालाच आज आपण ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतो.

ढोबळ सांगाडा असा. जन्म १ ऑगस्ट १८५६, मेलबर्नच्या पूर्वेला बोरुंडारा भागात. १८७६ ते १८८२ कार्लटनकडून फुटबॉल. उन्हाळ्यात मेलबर्न क्रिकेट क्लबचा पगारी गोलंदाज, म्हणजे सभासदांना नेटमध्ये चेंडू टाकणारा. जानेवारी १८७९ मध्ये मेलबर्नच्या कसोटीत अंपायर. पुढच्या महिन्यात सिडनी. १८८२ मध्ये एक कसोटी, यावेळी खेळाडू म्हणून. २२ ऑक्टोबर १८८३ रोजी क्षयाने मृत्यू.

धाग्यात क्रिकेटपेक्षा फुटबॉलवर बोलूया. त्याचं नाव फुटबॉलने झालं, क्रिकेट नंतर चिकटलं. तो नेमका काय खेळत होता, चांगला होता हे कशावरून म्हणायचं, आणि जुन्या नोंदी वाचताना कुठे फसगत होते, यावर जाणकारांनी लिहावं.

चामडी_चेंडू

आजचा एएफएल (ऑस्ट्रेलियन रूल्सची मुख्य लीग) सामना डोळ्यासमोर ठेवून १८७० च्या दशकाबद्दल अंदाज बांधाल तर हमखास चुकाल. आज एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून मारला तर ६ गुण आणि बाजूच्या फटीतून गेला तर १. कूल्थार्डच्या काळी २० खेळाडू आणि मोजायचा तो फक्त गोल. बाजूने गेलेल्या चेंडूला किंमत शून्य.

नियमांची मुळं १८५९ ची. त्या मे महिन्यात मेलबर्न फुटबॉल क्लबच्या काही मंडळींनी (टॉम विल्स, विल्यम हॅमर्सली, जे. बी. थॉम्प्सन, थॉमस स्मिथ ही त्यातली ठळक नावं) एका हॉटेलात बसून दहा नियम लिहिले. त्यातले चार समजले की बाकी खेळ उलगडतो.

सहावा नियम : पायाने मारलेला चेंडू थेट हातात झेलला की खेळाडूने 'मार्क' म्हणायचं. त्याला फ्री किक मिळते आणि त्या खुणेच्या पुढे विरोधकाने यायचं नाही.
सातवा : लाथाळी नाही. पण पाय घालून पाडणं आणि ढकलणं सुरुवातीला चालत होतं. पाडणं लवकरच बंद झालं.
आठवा : चेंडू हातात घ्यायचा तो झेलून किंवा टप्प्यावर. जमिनीवर पडलेला उचलायचा नाही. हाही पुढे सैल झाला.
दहावा : चेंडू फेकायचा नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही.

जे लिहिलंच नाही ते या चारांपेक्षा महत्त्वाचं ठरलं. ऑफसाइडचा नियम नाही! विल्स इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकून आलेला, तिथला ऑफसाइड त्याच्या अंगवळणी पडलेला. तरी इथल्या नियमांत तो आला नाही. त्यामुळे आपला खेळाडू चेंडूच्या पन्नास यार्ड पुढे उभा राहू शकतो आणि त्याच्याकडे लांब किक मारता येते. पुढे मैदानभर खेळाडू पसरणं, जागा ठरणं, गोलजवळ एक चपळ माणूस टपून बसणं हे सगळं या एका गाळलेल्या नियमातून आलं.

१८६६ मध्ये विल्सचा चुलतभाऊ एच. सी. ए. हॅरिसन याच्या पुढाकाराने नियम पुन्हा लिहिले गेले. त्यात चेंडू घेऊन पळायला अट आली : दर पाच-सहा यार्डांवर तो जमिनीवर आपटायचा. लांबट चेंडू आपटून परत हातात आणणं दिसतं तितकं सोपं नाही. पुढचं टोक किंचित खाली झुकवून, अंगापासून थोडा पुढे आपटावा लागतो, मग तो उलटा फिरत हातात येतो. पोटावर आडवा पडला की पुढे निसटला. मेलबर्नचा फुटबॉल मे ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळी थंडीत. भिजलेल्या चामड्याचं वजन वाढतं, उसळी मरते आणि पळणारा माणूस चेंडू न आपटता लगेच किक मारून मोकळा होतो. म्हणून त्या काळच्या वृत्तांतात कुणी दोन-तीनदा आपटून धावत गेला की बातमीदार त्याचा मुद्दाम उल्लेख करतात.

कूल्थार्ड प्रामुख्याने 'फॉलोअर' आणि फॉरवर्ड. फॉलोअर म्हणजे ज्याला ठरलेली जागा नाही. चेंडू जाईल तिकडे त्याने जायचं, घोळक्यात घुसायचं, चेंडू बाहेर काढायचा. दमाचं काम आहे. जो माणूस हे करून वर पुढे जाऊन गोलही मारतो तो संघाला दोघांच्या जागी पुरतो. कूल्थार्डची किंमत तिथे होती.

शिवाजीपार्ककर

चामडी_चेंडू, उत्तम प्रतिसाद. किकचे प्रकार राहिले. गोल पायानेच मारायचा आणि खांबाला न लागता, म्हणजे किक हाच सगळा खेळ.

चामडी_चेंडू

हो, तेही लिहितो. तेव्हा तीन प्रकार चालत.

पंट : चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला लागण्याआधी मारायचा. झटपट होतो, घाईत हाच.

ड्रॉप किक : सोडलेला चेंडू जमिनीला टेकतो त्याच क्षणी पाय लागला पाहिजे. नीट बसली तर चेंडू लांब आणि सरळ जातो. क्षणभर उशीर झाला तर वर उडतो, लवकर झाला तर ती पंटच झाली, तीही अर्धवट. चिखलात ही किक जवळजवळ निकामी, कारण चेंडू टेकल्यावर उठतच नाही.

प्लेस किक : मार्क मिळाल्यावर टाचेने जमिनीत छोटी खळगी करायची, चेंडू तिच्यात उभा करायचा, मागे जाऊन धावत येऊन मारायचा. अंतर भरपूर. पण सगळं सावकाश चालतं आणि वारा आडवा असेल तर खळगीतला चेंडू हलतो.

यातली पंट सोडली तर बाकी दोन आजच्या खेळातून जवळपास गेल्या. जुन्या वृत्तांतात 'अमुक यार्डांवरून गोल' असं वाचलं की आधी किक कोणती होती ते बघावं. प्लेस किकचे ६० यार्ड आणि धावता धावता मारलेल्या पंटचे ६० यार्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नवखा_वाचक

त्याचे एकूण गोल किती? सरासरी काय?

आकडेमोड

इथेच क्रिकेटवाल्यांचा पाय घसरतो. आपल्याला सरासरीची सवय. त्या काळच्या व्हिक्टोरियन फुटबॉलला सरासरी लावायला गेलं की चार ठिकाणी गोची होते.

पहिली, गोल फार कमी. १ जुलै १८७९ ला व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्यातला पहिला आंतरवसाहती (आजची राज्यं तेव्हा वेगळ्या ब्रिटिश वसाहती) सामना झाला, निकाल ७ गोल विरुद्ध ०. तेव्हाच्या मानाने हा धुव्वा. साधारण क्लब सामना १-०, २-१ किंवा चक्क बरोबरीत सुटायचा. हंगामात पंधरा गोल मारणारा माणूस त्या काळी आज साठ-सत्तर मारणाऱ्याच्या तोलाचा. वर्तमानपत्रं बाजूने गेलेले चेंडूही नोंदवत, पण त्यावरून निकाल ठरत नसे. ६ आणि १ ही गुणपद्धत १८९७ ची, व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली त्या वर्षीची. मागे जाऊन कूल्थार्डच्या सामन्यांना ती लावणं म्हणजे जुन्या हिशेबाला नवे पैसे लावणं.

दुसरी, प्रतिस्पर्धी समान नसत. बलाढ्य क्लब २० खेळाडू उतरवे आणि दुबळ्या क्लबला २३ किंवा २५ खेळाडूंची सवलत देई. हे सामनेही हंगामाच्या नोंदीत येतात. २५ जणांविरुद्ध मारलेला गोल जड की हलका? गर्दी जास्त म्हणून जड, खेळाडू कच्चे म्हणून हलका. एका आकड्यात हे बसत नाही.

तिसरी, गोल कुणी मारला हे नेहमी लिहिलेलं नसतं. गोलतोंडाशी घोळका झाला आणि कुणाच्या तरी पायाने चेंडू आत गेला की बातमीदार 'घोळक्यातून गोल' एवढंच लिहून पुढे जातो. घोळका हे फॉलोअरचं घर, त्यामुळे या पद्धतीचा सर्वांत जास्त तोटा कूल्थार्डसारख्यालाच.

चौथी, विजेतेपद. व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन १८७७ मध्ये स्थापन झाली आणि पहिल्या वर्षीचा विजेता कार्लटन. बरोबर आहे. पण गुणतक्ता आला १८८८ मध्ये. त्याआधी सामने क्लबांचे सचिव आपसात ठरवत, कुणी कुणाशी किती वेळा खेळायचं याला बंधन नव्हतं आणि विजेता कोण हे जिंकलेल्या सामन्यांवरून वर्तमानपत्रं आणि लोकमत ठरवत. कार्लटनचं विजेतेपद खरंच, फक्त ते तक्त्यातून निघालेलं नाही.

तेव्हा एकूण बेरीज बाजूला ठेवा. हंगामनिहाय, समान खेळाडूंचे सामने वेगळे काढून, क्लबच्या एकूण गोलांत त्याचा वाटा किती हे बघा. तो आकडा बोलतो.

लालमहाल

+१. 'वाटा' हीच योग्य मोजणी. रणजीच्या जुन्या मोसमांनाही लागू पडेल, पण ते अवांतर.

वाळवी

वाटा काढायचा तर मूळ वृत्तांत वाचावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ट्रोव्ह हा संग्रह फुकट आहे, त्या काळचे आर्गस, ऑस्ट्रेलेशियन, लीडर सगळे त्यात सापडतात. पद्धत लिहून ठेवते, कारण थेट नाव टाकून शोधलं की निम्मंच हाती लागतं.

आडनावाने सुरुवात करू नका. छापील पान यंत्राने वाचलेलं असतं आणि बारीक ठशातला 'एच' हटकून 'बी' किंवा 'ली' होतो. कूल्थार्डचं स्पेलिंग अशा पाच-सहा रूपांत सापडतं. आधी वर्तमानपत्र निवडा, मग मे ते ऑक्टोबर अशी तारखांची मर्यादा घाला, मग क्लबचं नाव टाका आणि स्तंभ डोळ्यांनी वाचा. कुठे चूक दिसली तर तिथल्या तिथे मजकूर दुरुस्त करायची सोय वाचकांना आहे. करून ठेवा, पुढच्याला मिळेल.

तारखेचा सापळा. सामने शनिवारी. आर्गस रोजचं, त्यात वृत्तांत सोमवारी येतो. ऑस्ट्रेलेशियन आणि लीडर साप्ताहिकं, शनिवारची. त्यांत छापलेला सामना मागच्या शनिवारचा असतो. छपाईची तारीख हीच सामन्याची धरली की अख्खा हंगाम एका आठवड्याने सरकतो आणि मग एकच सामना दोनदा मोजला जातो. नंतरच्या याद्यांत अशा जुळ्या नोंदी दिसतात.

नावाचा सापळा. वृत्तांतात फक्त आडनाव. त्याच आडनावाचे दोन खेळाडू एका गावात असू शकतात. संघाची यादी बहुधा सामन्याआधी, शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळी छापून येते. ती आणि सोमवारचा वृत्तांत जोडीने वाचायचे. यादीत नाव आहे म्हणजे माणूस उतरला असं नव्हे. आयत्या वेळी न आलेले आणि प्रेक्षकांतून घेतलेले बदली खेळाडू भरपूर.

शेवटची गोष्ट बातमीदाराची. फुटबॉलवर टोपणनावाने लिहिणारे बहुतेक लोक स्वतः कुठल्या ना कुठल्या क्लबचे असत. कूल्थार्डची स्तुती विरोधी क्लबच्या माणसाने केली असेल तर तिचं वजन दुप्पट धरावं.

तिसरा_पंच

वाळवी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झाला, धन्यवाद.

'वसाहतीचा सर्वोत्तम खेळाडू' अशी वर्षावार यादी जागोजागी फिरते आणि कूल्थार्डच्या नावापुढे ती जोडतात. तिच्याबद्दल काय?

वाळवी

त्या यादीतल्या जुन्या वर्षांची नावं विसाव्या शतकात मागे वळून जुळवलेली आहेत. तसा किताब देणारी संस्था १८७० च्या दशकात नव्हती, मत होतं ते वर्तमानपत्रातल्या लिहिणाऱ्यांचं. तो त्या काळचा अव्वल खेळाडू होता हे वृत्तांतांवरून दिसतं, त्यासाठी यादीची गरज नाही. ट्रॉफी मिळाल्यासारखं मात्र लिहू नका.

कोल्हापुरी_पायताण

हा खेळ आयरिश गेलिक फुटबॉलवरून उचलला ना?

चामडी_चेंडू

नाही हो. गेलिक फुटबॉलचे नियम लिहिले गेले १८८० च्या दशकात. मेलबर्नचे दहा नियम १८५९ चे. बाप मुलापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान कसा असेल?

ज्यावर खरा वाद आहे तो मुद्दा वेगळा : तिथल्या मूळ रहिवाशांचा मार्नग्रूक नावाचा, उंच लाथाडलेला चेंडू उडी मारून झेलण्याचा खेळ. विल्स लहानपणी जाब वुरुंग लोकांत वाढला, त्यांची भाषा बोलायचा, हे पक्कं. त्यांचा खेळ पाहून त्याने मार्कचा नियम आणला, हे सांगणारा त्या काळचा कागद मात्र सापडलेला नाही. रग्बी शाळेच्या नियमांत झेलून खूण करणं होतंच. दोन्ही बाजूंचे इतिहासकार अजून भांडतायत. धागा कूल्थार्डचा आहे, इथे थांबतो.

लेगस्टंप

कूल्थार्डचा खेळ फक्त मेलबर्नपुरता नव्हता. जून १८७७ मध्ये कार्लटन सिडनीला गेलं, तिथल्या वॉराटा क्लबशी खेळायला. वॉराटा रग्बीवाले. दोन सामने ठरले, एक रग्बीच्या नियमांनी, एक व्हिक्टोरियन नियमांनी. रग्बीचा वॉराटाने जिंकला, व्हिक्टोरियनचा कार्लटनने. ज्याची घोंगडी त्याच्या खांद्यावर.

रग्बीत कार्लटनवाले का हरले याची कारणं नियमांतच आहेत. चेंडूच्या पुढे उभं राहायची सवय, ती तिथे गुन्हा. मार्कसाठी वर बघायची सवय, तोवर खालून मिठी बसते. चेंडू आपटायची सवय, रग्बीत ती उगाच चेंडू गमावणं. उलट बाजूने वॉराटाचे लोक चेंडू छातीशी धरून पळाले की व्हिक्टोरियन अंपायर थांबवणार.

याच दौऱ्यात कूल्थार्ड मासेमारीला गेला असताना होडीच्या काठावर बसला होता, कोटाची टोकं पाण्यात लोंबत होती आणि शार्कने ती धरून त्याला पाण्यात खेचलं. तो सुखरूप वर आला. सिडनी त्याला तेव्हापासूनच मानवत नव्हती म्हणायची.

मधल्याफळीचा

:) आणि दोन वर्षांनी त्याच सिडनीत कसोटी सामन्यात दंगल!

लेगस्टंप

कसोटी नव्हे. ही चूक इतक्या ठिकाणी आहे की छापायला खिळा करून ठेवावा. दंगलीचा सामना न्यू साउथ वेल्स विरुद्ध हॅरिसचा इंग्लिश संघ असा होता. कसोटी त्याआधी मेलबर्नला झाली, २ ते ४ जानेवारी १८७९. तिच्यात फिल कोडी आणि कूल्थार्ड अंपायर. कसोटीतली पहिली हॅटट्रिक, ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थची, याच सामन्यातली. सिडनीला पुढे आणखी एक मोठा सामना ठरला होता, तो दंगलीमुळे रद्द झाला.

आता ८ फेब्रुवारी. इंग्लिश संघाच्या २६७, न्यू साउथ वेल्स १७७, त्यात मर्डॉक शेवटपर्यंत नाबाद ८२. फॉलोऑन. दुसऱ्या डावात धावसंख्या १९ असताना मर्डॉक धावबाद, निर्णय कूल्थार्डचा. पॅव्हिलियनमध्ये उघड पैजा लागलेल्या. लोक आत शिरले, दोन हजारांपर्यंत आकडा सांगतात. हॅरिसला काठीचा फटका बसला, त्याच्या संघातल्या हॉर्न्बीने मारणाऱ्याला पकडून पॅव्हिलियनकडे ओढत नेलं. न्यू साउथ वेल्सचा कर्णधार डेव्ह ग्रेगरी म्हणाला अंपायर बदला, हॅरिसने नकार दिला. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही. सोमवारी न्यू साउथ वेल्स ४९ वर गारद, इंग्लिश संघ एक डाव ४१ धावांनी विजयी.

दुसरा अंपायर होता एडमंड बार्टन, १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला तो. बार्टनचं कौतुक झालं, शिव्या सगळ्या कूल्थार्डला. याचं कारण धावबादमध्ये शोधू नका. कूल्थार्ड व्हिक्टोरियन, पाहुण्यांनी सोबत आणलेला. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांचं तेव्हा जकातीपासून फुटबॉलपर्यंत कशातच पटत नव्हतं. स्पॉफर्थनेही पुढे हेच सांगितलं, की लोकांचा राग व्हिक्टोरियन अंपायरवर होता. हॅरिसच्या फलंदाजीच्या वेळी झेलाचं एक अपील कूल्थार्डने फेटाळलं होतं, तेही सकाळच्या वर्तमानपत्रांतून तापवलेलं.

शिवाजीपार्ककर

बावीस वर्षांचा अंपायर का, हा धागाकर्त्याचा मूळ प्रश्न. उत्तर पगारात आहे. फुटबॉलमध्ये पैसे घ्यायला बंदी होती, लीगने ते अधिकृत केले १९११ मध्ये. कार्लटनच्या खेळाडूला पोटासाठी दुसरं काहीतरी हवं. कूल्थार्ड मेलबर्न क्रिकेट क्लबचा नोकर आणि हॅरिसच्या दौऱ्याची व्यवस्था त्याच क्लबकडे. पाहुण्या संघाने सोबत एक अंपायर ठेवायची तेव्हा पद्धत होती, क्लबने आपला माणूस सुचवला. वर, दर शनिवारी हजारो लोकांसमोर चाळीस जणांच्या रेटारेटीत खेळणाऱ्याला गर्दीची भीती वाटणार नाही, असंही कुणाला वाटलं असेल, पण तो आपला माझा तर्क.

गिरगावचा_पोरगा

आपल्याकडचा धागा जोडतो. हा हॅरिस म्हणजे १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर. शालेय क्रिकेटची हॅरिस शिल्ड त्याच्याच नावाची, तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागी त्या स्पर्धेतली. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीच्या वेळी तो पुण्याला गणेशखिंडीत होता आणि परतायला फार उशीर लावला म्हणून त्याच्यावर टीका झाली. सिडनीत १८७९ मध्ये मात्र तो मैदानातून हलला नव्हता, आपले खेळाडू हरकत घेऊन बाहेर आणले तर सामना गमावल्याचं धरतील अशी त्याला शंका होती.

मधल्याफळीचा

आणि १८८२ ची कसोटी? फुटबॉलपटू म्हणून घेतलं की गोलंदाज म्हणून?

लेगस्टंप

गोलंदाज म्हणून ओळख, पण सामन्यात एकही चेंडू टाकला नाही. सिडनीलाच. शेवटच्या क्रमांकावर येऊन नाबाद ६. कसोटी कारकीर्द एवढीच : ६ धावा, सरासरी काढता येत नाही. आधी कसोटीत अंपायर आणि मग खेळाडू, हा उलटा क्रम क्वचितच कुणाच्या वाट्याला आलाय.

त्याच १८८२ मध्ये फुटबॉल संपला. हॉथम क्लबविरुद्धच्या सामन्यात (हॉथम म्हणजे आजचं नॉर्थ मेलबर्न) हाणामारी झाली, त्यात त्याच्यावर बंदी आली. तोवर तब्येतही ढासळू लागली होती.

चामडी_चेंडू

हाणामारीचं नुसतं 'तापट होता' असं करू नका. तेव्हा मैदानावर अंपायर एकच आणि चाळीस खेळाडू. चेंडू या टोकाला असताना त्या टोकाला काय चाललंय ते त्याला दिसणं शक्य नाही. फॉलोअर रोज घोळक्यात, कोपर-गुडघे खाणारा तोच. वर तेव्हाचा 'छोटा मार्क' : दोन पावलांवरच्या सोबत्याने हलकेच पायाने टोलवलेला चेंडूही झेलला तर मार्क धरला जायचा. म्हणजे घोळक्याच्या आतच दोघे मिळून फ्री किक मिळवायचे आणि ते रोखायचं तर बाकीच्यांनी अंगावर पडण्याशिवाय इलाज नसे. १८९७ मध्ये चेंडूने किमान दहा यार्ड जावं ही अट आली, मग ते थांबलं.

नवखा_वाचक

एक शंका. सर्वांत तरुण कसोटी अंपायर म्हणून २२ वर्षं १५४ दिवस हे वय दिलेलं असतं. आणि मृत्यूचं वय काही जण २६ लिहितात. कुठलं बरोबर?

आकडेमोड

मोजा. जन्म १ ऑगस्ट १८५६, कसोटी सुरू २ जानेवारी १८७९. बावीस वर्षं १ ऑगस्ट १८७८ ला पूर्ण. त्यापुढे ऑगस्टचे ३०, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २. बेरीज १५४. बरोबर.

मृत्यू २२ ऑक्टोबर १८८३. १ ऑगस्टला सत्तावीस पूर्ण, पुढे ३०, ३० आणि २२. सत्तावीस वर्षं ८२ दिवस.

तिसरा_पंच

मग २६ लिहिणाऱ्यांचं चुकलं. वर सांगाड्यात मी वय टाकलं नव्हतं, आता संपादन करून टाकतो.